वेशीवर की उंबऱ्यावर?

गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने कुठल्याही बाजूला चालत गेले, तर जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर लहान लहान कचेऱ्या लागतात. कुठे सनदी लेखापाल, कुठे शेअर दलालाचा प्रतिनिधी, कुठे पॅथॉलॉजी लॅब, कुठे दहावी-बारावीचे क्लास. यांतल्या बऱ्याच जागी आता इंटरनेटच्या दोन लाइनी असतात आणि त्या दोन्ही एकाच बॉक्समध्ये शिरतात. तो बॉक्स म्हणजे फायरवॉल. बाहेरून घुसणाऱ्याला अडवणे हे त्याचे मूळ काम. त्याच्या जोडीला एक लाइन गेली की दुसरी उचलायची आणि आतल्या माणसांना कोणत्या साइट उघडता येतील हे ठरवायचे, अशी आणखी दोन कामे त्याच्या गळ्यात पडली आहेत. लॅमिंग्टन रोडवरून बॉक्स आणायचा, जाणकार पोराला बोलावून बसवून घ्यायचा आणि मग विसरून जायचे, अशी सर्वसाधारण रीत. वायरमनच्या कामाहून त्याला अधिक कुणी मोजत नाही. माझ्या मते ते मोजले पाहिजे, कारण या बॉक्समधले दोन निर्णय मुंबईत दीडशे वर्षे वादात आहेत: बातमी कोणत्या वाटेने यावी, आणि तिच्यातले काय आत घ्यावे. हे निर्णय गावाच्या वेशीवर व्हावेत की घराच्या उंबऱ्यावर, हा खरा प्रश्न आहे. मुंबईचा इतिहास उंबऱ्याच्या बाजूने साक्ष देतो, असे मला दाखवायचे आहे.

वेशीवरची चाळणी इंग्रजांनी बसवली. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईला पोचली आणि हे शहर बातमीच्या व्यापाराचे प्रवेशद्वार झाले. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून तार अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. त्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा व्हायला २०२३ साल उजाडले. टेलिग्राफ कायद्याच्या आधी, १८७८ मध्ये, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा आला, तोही वाचकाला हात न लावता छापणाऱ्याच्या मानेवर जामिनाचे जोखड ठेवणारा. कोलभाट गल्लीतून संस्कृत आणि मराठी ग्रंथ छापून देशभर पोचवणाऱ्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या परिसरात या कायद्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. पण कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ने एका रात्रीत बंगाली सोडून इंग्रजी धरली आणि कायद्याच्या कक्षेतून निसटली. चार वर्षांत, १८८२ मध्ये, कायदा मागे घ्यावा लागला. वेशीवरच्या चाळणीचा पहिला दोष इथेच दिसतो. तिला एकच ढोबळ खूण ओळखता येते, आणि ती खूण बदलणे ज्याला बातमी पोचवायची आहे त्याच्या हातात असते.

गिरगावात याहून मोठा दाखला १९४२ मध्ये घडला. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिल्यावर पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि महिनाअखेरीस ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र ऐकू येऊ लागले. उषा मेहता तेव्हा कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, बाविशीतल्या. हे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसे उभारले, हे आज नेटवर्क बांधणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रण एका जागी, प्रक्षेपण दुसऱ्या जागी. प्रक्षेपणाची जागा पुन्हा पुन्हा बदलायची. एक ठिकाण गेले तर काम थांबू नये म्हणून पर्यायाची तजवीज आधीच ठेवायची. सरकारने त्या लहरीवर खरखर सोडून आवाज दाबण्याचा प्रयत्न केला, यंत्र शोधणाऱ्या गाड्या फिरवल्या. तरीही केंद्र सुमारे अडीच महिने चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस गिरगावातल्या पारेखवाडीत पोचले, ते केंद्राच्याच एका तंत्रज्ञाने फोडलेल्या माहितीवरून. लहरींवरची नाकेबंदी अपुरी पडली आणि घात झाला तो आतल्या माणसाकडून. वाट अडवणे आणि वाट राखणे या दोन्ही कामांत निर्णायक जागा उंबरठाच होती, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

आता इंटरनेटकडे येऊ. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या किंकाळ्या ऐकत जोडणी व्हायची आणि चित्रांसह पाने दाखवणारे खाते वर्षाला १५,००० रुपयांना पडायचे. देशाबाहेर जाणारी वाट एकाच सरकारी कंपनीच्या हातात होती. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची परवानगी मिळाली, तरी परदेशाकडे उघडणारे दार काही काळ निगमाचेच राहिले. म्हणूनच १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानच्या ‘डॉन’ या दैनिकाची साइट बंद करणे शक्य झाले: एक दार, एक कडी. ती बंदी किती टिकली? दुसऱ्या सर्व्हरवरून तीच पाने उघडायची युक्ती भारतातल्याच वृत्तसाइटने वाचकांना सांगितली. युद्धकाळात शत्रुदेशाचे वृत्तपत्र अडवावे की नाही, यावर दोन मते असू शकतात. पण ज्या उपायाने साध्या वाचकाचे दार बंद होते आणि हिकमती माणसाचे उघडे राहते, तो उपाय आपले काम करत नाही, यावर दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

दार एकाचे अनेकांकडे गेले तरी चाळणी सुधारली नाही. २००३ च्या सप्टेंबरात मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. तो एकटा गट वेगळा काढणे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना जमले नाही, म्हणून त्यांनी याहूचे सगळेच ग्रुप बंद केले. संगीतप्रेमींचे, परदेशातल्या नातेवाइकांचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे. तीन वर्षांनी, ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर काही दिवसांतच, मोजकी पाने बंद करण्याच्या एका आदेशातून ब्लॉगस्पॉट संपूर्ण बंद पडले. शहर जखमींची आणि बेपत्तांची विचारपूस करत होते त्या दिवसांत. ३१ जुलै २०१५ च्या आदेशाने ८५७ साइट बंद झाल्या, आणि ओरड झाल्यावर चार-पाच दिवसांत सरकारने कंपन्यांना सांगितले की बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर ज्यांच्यावर नाही, त्या साइट खुल्या ठेवायला हरकत नाही. प्रत्येक साइटवर काय आहे ते कंपनीने कसे तपासायचे, याला उत्तर नव्हते. यात हलगर्जीपणा होताच, पण त्याहून मोठे कारण तांत्रिक आहे. एका आयपी पत्त्यावर शेकडो साइट नांदतात, त्यामुळे पत्ता अडवला की सगळ्या अडतात. आता बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसमधून, म्हणजे सांकेतिक आवरणात जाते. मधल्या कंपनीला फार तर साइटचे नाव दिसते. आतले कोणते पान उघडले ते दिसत नाही. म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्याला पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, पत्र वाचता येत नाही. त्याला बारीक चाळायला सांगणे म्हणजे अशक्य ते मागणे.

मुंबईतल्याच न्यायालयाने या प्रश्नाकडे दोनदा अधिक समंजसपणे पाहिले. २००१ मध्ये, सायबर कॅफे गल्लोगल्ली उघडत असताना, अल्पवयीन मुलांना अश्लील मजकुरापासून कसे जपावे याचा विचार करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने समिती नेमली आणि २००२ च्या सुरुवातीला तिचा अहवाल आला. देशाचे इंटरनेट चाळून काढा, असे ती समिती म्हणाली नाही. मुलांना बंद कप्प्यात बसवू नका, पडदा सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागी त्यांचे यंत्र ठेवा, आणि त्या यंत्रांवर फिल्टर घाला, असा तिचा रोख होता. म्हणजे जागा, माणूस आणि यंत्र पाहून चाळणी लावायची. मला हा अहवाल आपल्याकडच्या इंटरनेट-विचारातला अत्यंत शहाणा कागद वाटतो, आणि सायबर कॅफे संपले म्हणून तो विस्मरणात जावा याचे वाईट वाटते. दुसरा प्रसंग २०१६ चा. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या चोरट्या प्रती अडवण्यासाठी निर्मात्यांनी आदेश मागितला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला, विशिष्ट दुवे तपासून मागितले, आणि बंद पानावर कारण व दाद मागायची सोय दिसली पाहिजे असा आग्रह धरला. याउलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखालच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, त्यामुळे कुणी कशासाठी पान बंद केले हे वाचणाऱ्याला सहसा कळतच नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: मग दहशतवादी, बालशोषण करणारे, बँकेच्या नावाने गंडवणारे यांनाही मोकळे रान द्यायचे काय? तसे अजिबात नाही. जे सर्वांसाठी आणि सर्वत्र बेकायदा आहे ते अडवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि त्यासाठी कायदा हवाच. मात्र व्यवहारात बहुतेक चाळणी त्या प्रकारची नसते. क्लासमध्ये तासाच्या वेळी व्हिडिओ नको, लॅबच्या रिपोर्टच्या यंत्रावर गेम नको, मुलांच्या वाचनालयात जुगार नको, ही ती चाळणी. यांतली एकही गोष्ट देशासाठी ठरवायची नसते. तोच व्हिडिओ शेजारच्या नाट्यसंस्थेच्या कचेरीत कामाचा असतो. आणि एचटीटीपीएसच्या काळात पानागणिक बारीक निवड करायची तर आपले प्रमाणपत्र यंत्रावर बसवावे लागते, जे यंत्राच्या मालकालाच करता येते आणि त्यानेच करावे. तंत्र आणि न्याय दोन्ही इथे एकाच दिशेला बोट दाखवतात. बँकेची आणि दवाखान्याची पाने मात्र त्या तपासणीतून कटाक्षाने वगळायला हवीत. ती उघडून पाहण्याचा हक्क कचेरीच्या मालकालाही नाही.

दोन लाइनींचा भाग मला चाळणीहून अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे फसगत अधिक होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन समुद्री केबल तुटल्या. भारताची पश्चिमेकडची वाहतूक कोलमडली. ज्या कंपन्यांकडे सिंगापूरकडून पॅसिफिकमार्गे जाणारी क्षमता होती त्या लवकर सावरल्या. त्या दिवशी केबल दोन होत्या, कंपन्या वेगवेगळ्या होत्या, पण समुद्रतळावरची वाट एकच होती. तेरा वर्षांनी हाच धडा अगदी दाराशी आला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या असूनही दोघांच्याही लाइनी डळमळल्या, असे बाजाराने सांगितले. पुढे कारण निघाले ते त्या मार्गावर चाललेल्या खोदकामाचे. देशातल्या सर्वांत सावध संस्थांपैकी एकीची ही गत, तर ठाकूरद्वारच्या कचेरीची कथा काय? इथे १९९० च्या दशकात केबल टीव्हीवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर, गॅलरीच्या कठड्यावरून गल्लीपल्याड तारा टाकल्या आणि पुढे इंटरनेटची तार त्याच वाटेने आली. आज ग्राहकाला दोन कंपन्यांची दोन बिले येतात, पण इमारतीत शिरणाऱ्या दोन्ही तारा बऱ्याचदा एकाच खांबावरून, जिन्याच्या एकाच कोपऱ्यातून, एकाच खिळ्याला बांधलेल्या असतात. उंदराला, पतंगाच्या मांजाला किंवा रंगाऱ्याच्या शिडीला दोन कंपन्यांतला फरक कळत नाही.

हे कोण पाहणार? कंपनी पाहणार नाही, कारण तिला दुसऱ्या कंपनीची तार कुठून येते हे माहीत नसते. सरकार पाहू शकत नाही. पाहू शकतो तो फक्त त्या जागेतला माणूस, जिन्यात उभा राहून, तारेचा माग काढत. बॉक्सच्या आतही हेच. अनेक बॉक्स लाइन जिवंत आहे की नाही हे समोरच्या मोडेमला हाक मारून ठरवतात. मोडेम ओ देतो, लाइन पुढे कुठेतरी तुटलेली असते, आणि बॉक्स निवांत राहतो. दुसरी लाइन तयार असून कचेरी बंद. म्हणून तपासणी दूरच्या, निदान दोन वेगळ्या पत्त्यांवर लावावी लागते. दोन्ही लाइनींवर भार वाटून टाकला तर बँक एकाच माणसाला घटकेत या पत्त्यावरून, घटकेत त्या पत्त्यावरून आलेला पाहते आणि बाहेर काढते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हा प्रकार घडला की लेखापालाच्या कचेरीत काय होते ते सांगायला नको. बँका आणि सरकारी पोर्टल एकाच लाइनीला बांधून ठेवली की हा त्रास संपतो. सर्वांत फसवी चूक चाळणी आणि लाइन यांच्या सांध्यात असते. अनेक ठिकाणी साइट अडवण्याचे काम डीएनएसकडून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून करून घेतात. पहिल्या लाइनीवर चाळणारा डीएनएस लावलेला असतो, दुसरी लाइन आपल्या कंपनीचा साधा डीएनएस घेऊन येते. पहिली लाइन गेली की चाळणीही तिच्याबरोबर जाते, आणि मुलांच्या क्लासमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण नेट तर चालू असते. बॉक्सला दोन्ही लाइनींवर तोच चाळणारा डीएनएस लावायचा, यंत्रांना फक्त बॉक्सलाच नाव विचारू द्यायचे आणि बाहेरची सारी विचारणा बंद करायची, हा त्यावरचा उपाय दहा मिनिटांचा आहे. पण तो सुचायला दोन्ही कामे एका नजरेत यावी लागतात.

एक आक्षेप काटकसरीचा असतो: आता फायबर इतके भरवशाचे झाले आहे, दुसरी लाइन कशाला? भरवसा वाढला हे खरे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकल जागीच थांबल्या, तेव्हा ज्यांच्या फायबरच्या डबीला इन्व्हर्टर नव्हता त्यांच्या दोन्ही लाइनी एका क्षणात गेल्या. दुसऱ्या लाइनीइतकाच तिचा विजेचा आधारही स्वतंत्र हवा. ज्या लॅबचे रिपोर्ट डॉक्टर वाट पाहत उघडतात तिथे हा खर्च चैनीचा नाही. ज्याचे काम दोन तास थांबले तरी चालते त्याने तो खुशाल टाळावा.

याहून गंभीर आक्षेप असा की उंबऱ्यावरचा पहारेकरी जुलमी होऊ शकतो. सरकारला निदान न्यायालयात खेचता येते. क्लासच्या चालकाने किंवा शेठजींनी मनाला येईल ती साइट बंद केली, कोण काय पाहतो याची नोंद चाळत बसले, तर दाद कुठे मागायची? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. बॉक्स सगळे लिहून ठेवतो, आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांना अशा नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले आहे. पण २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने त्याच नोंदींचे दायित्वही मालकाच्या अंगावर घातले. शिवाय वेशीवरचा जुलूम अदृश्य असतो. उंबऱ्यावरच्याला निदान चेहरा असतो. काय बंद आहे, का बंद आहे, नोंद किती दिवस राहते आणि ती कोण पाहतो, हे चार ओळींत लिहून भिंतीवर लावता येते. न्यायमूर्ती पटेलांनी मोठ्या कंपन्यांकडून जे मागितले तेच इथे एका कागदात होते. असा कागद न लावणाऱ्या मालकाला चाळणी लावण्याचा नैतिक अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला तो मोबाइलचा मुद्दा. मुलाच्या खिशातल्या फोनला बॉक्सची पर्वा नाही, मग हा खटाटोप कशाला, असे विचारणारे बरेच आहेत. त्यांना उत्तर उच्च न्यायालयाच्या समितीच्या २००२ च्या अहवालातच आहे. एका खोलीची जबाबदारी त्या खोलीपुरती असते, आणि संस्थेच्या यंत्रावर काय उघडते याचे उत्तर संस्थेनेच द्यायचे असते. फोनचे उत्तर घराने द्यावे. लाइनींच्या बाबतीत मात्र पुढची काही वर्षे गिरगावच्या हातात आहेत. मेट्रो ३ च्या कामासाठी या रस्त्याचे पोट वर्षानुवर्षे उघडे होते. २०२५ च्या ऑक्टोबरात गाडी कफ परेडपर्यंत धावू लागली आणि आता चाळींच्या पुनर्विकासाचे नकाशे सोसायट्यांच्या बैठकीत येत आहेत. त्या नकाशांत गाड्या कुठे लागतील यावर तासन्तास वाद होतात. इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंनी शिरणाऱ्या, दोन वेगळ्या जिन्यांतून चढणाऱ्या केबलच्या दोन नळ्या आणि त्यांच्या डब्यांसाठी बॅकअपची वीज, एवढी मागणी आत्ताच लिहून घेतली तर बिल्डरला ती जड नाही. भिंती उभ्या राहिल्यावर मागितली, तर पुन्हा त्याच खिळ्याला तार बांधावी लागेल.